ड्यु बॉइस ग्रेट बॅरिंग्टनचेच, कम्युनिस्ट असले तरी

१८१३ च्या जूनमध्ये, अमेरिका आणि ब्रिटनचं युद्ध चालू असताना, लॉरा सेकॉर्ड नावाची एक बाई कॅनडातल्या क्वीन्स्टनहून निघाली आणि जंगल, ओढे, चिखल तुडवत तीसेक किलोमीटर चालत गेली, कशासाठी तर ब्रिटिश अधिकाऱ्याला खबर द्यायला की अमेरिकन फौज तुमच्यावर चालून येतेय. दोनेक दिवसात बीव्हर डॅम्सला लढाई झाली, खरी लढाई केली मोहॉक आणि इतर मूळनिवासी योद्ध्यांनी, आणि चारशेच्या वर अमेरिकन सैनिक शरण आले. बाईंच्या खबरीचा नक्की किती उपयोग झाला यावर इतिहासकार अजून भांडतात. पण कॅनडात त्या हिरॉइन आहेत, त्यांच्या नावाचं चॉकलेट सुद्धा निघतं.

आता ही बाई जन्माला आली कुठं, तर अमेरिकेतच, मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम टोकाला बर्कशायरच्या डोंगरात ग्रेट बॅरिंग्टन नावाचं गाव आहे तिथं, १७७५ साली. वडील अमेरिकन क्रांतीत ब्रिटिशांविरुद्ध लढलेले आणि पोरगी युद्धाच्या ऐन धामधुमीत ब्रिटिशांना अमेरिकन फौजेची टीप देते. ग्रेट बॅरिंग्टनच्या नामवंतांची कुठलीही यादी काढा, लॉरा सेकॉर्डचं नाव त्यात दिसेल. गद्दार बाई आहे, काढा हिला यादीतून असं कुणी म्हटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. आणि म्हणूही नये, दोनशे वर्षं झाली, बाई धाडसी होती, विषय संपला.

मग त्याच गावात जन्मलेल्या डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांच्या बाबतीत विषय पन्नास वर्षं का संपत नव्हता?

ज्यांना नाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २३ फेब्रुवारी १८६८ ला जन्म, गुलामगिरी कायद्याने संपून जेमतेम दोनच वर्षं झालेली. हार्वर्डची पीएचडी मिळवणारा पहिला काळा माणूस, १८९५ साली. फिलाडेल्फियातल्या काळ्या वस्तीचा घरोघर फिरून केलेला समाजशास्त्रीय अभ्यास १८९९ चा, म्हणजे समाजशास्त्र हा विषय अमेरिकेत अजून रांगत होता तेव्हाचा. १९०९ ला एनएएसीपी ही काळ्यांच्या हक्कांसाठीची संघटना उभी करणाऱ्यांपैकी एक, तिचं 'द क्रायसिस' हे मासिक १९१० ते १९३४ चालवलं. अमेरिकन यादवी युद्धानंतरच्या काळाचा इतिहास गोऱ्या इतिहासकारांनी जसा लिहून ठेवला होता तो उलटा करून दाखवणारा ग्रंथ १९३५ ला काढला. पंच्याण्णव वर्षं जगला माणूस आणि शेवटपर्यंत लिहित राहिला. सात हजारांच्या आसपास वस्तीच्या गावाला असा माणूस मिळणं म्हणजे लॉटरी आहे. पण गावाने ती लॉटरी खिशात घालून ठेवली आणि तिकीट आपलं नाहीच असं सांगत बसलं.

१९६७-६८ मध्ये दोन जणांनी, वॉल्टर विल्सन हे गोरे आणि एडमंड गॉर्डन हे काळे मानसशास्त्रज्ञ, या दोघांनी मिळून ड्यु बॉइस यांच्या आजोबांच्या घराची जमीन विकत घेतली, स्मारक करायचं म्हणून. आणि गावात पेटलं. माजी सैनिकांच्या संघटना विरोधात, स्थानिक वर्तमानपत्रात पत्रांवर पत्रं, मुद्दा एकच की हा माणूस कम्युनिस्ट होता आणि देश सोडून घानाला गेला. तरी १८ ऑक्टोबर १९६९ ला कार्यक्रम झाला, नागरी हक्क चळवळीतले ज्युलियन बाँड बोलले, नट ऑसी डेव्हिस आले, शेकडो लोक जमले. पण नुसता एक मोठा दगड ठेवून पुढं वर्षानुवर्षं काही नाही. १९७६ ला देशाने ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केली, त्याचा समारंभ व्हायला १९७९ उजाडलं. नंतर २००४-०५ ला गावात नव्या शाळा बांधल्या तेव्हा एका शाळेला ड्यु बॉइस यांचं नाव द्या म्हणून मागणी आली, शाळा समितीने ती नाकारली, एका शाळेला डोंगरावरून नाव दिलं, दुसरीला ओढ्यावरून. म्हणजे ज्याच्या नावाने कुणाचं काही बिघडणार नाही असा ओढा चालला, पण गावच्याच शाळेतून १८८४ ला पास झालेला आणि जगात गाजलेला विद्यार्थी चालला नाही.

आता विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. १९६९ साल आहे, व्हिएतनामचं युद्ध चालू आहे, छोट्या गावातल्या कितीतरी घरातली पोरं तिकडं लढतायत, शवपेट्या येतायत, आणि अशात एक माणूस जो १९६१ ला उघडपणे कम्युनिस्ट पक्षात गेला, ज्याने १९५३ ला स्टालिन गेल्यावर त्याची स्तुती करणारा मृत्युलेख लिहिला, त्याचं स्मारक करायचं म्हणता. राग येणारच. स्टालिनबद्दलचं ड्यु बॉइस यांचं लिहिणं आज वाचताना मला पण कसंतरी होतं, लाखो माणसं मेली होती आणि एवढ्या तीक्ष्ण नजरेचा माणूस तिकडं बघायलाच तयार नाही. ही चूक लहान नाही आणि वय झालं होतं म्हणून सोडून द्यावी अशी पण नाही, कारण त्या वयात बाकी सगळं त्यांना नीट दिसत होतं.

पण मग एकच माप सगळ्यांना लावा ना. देश सोडला हा गुन्हा असेल तर सेकॉर्डबाईंचं काय? अॅन्सन जोन्सचं काय? हा पण ग्रेट बॅरिंग्टनचाच, १७९८ चा जन्म, हा टेक्सासला गेला आणि टेक्सास जेव्हा वेगळा देश होता तेव्हा त्या देशाचा शेवटचा राष्ट्राध्यक्ष झाला. परक्या देशाचा राष्ट्राध्यक्ष! शेवटी त्याच्याच काळात टेक्सास अमेरिकेत विलीन झालं, त्यामुळं त्याला सूट देता येईल, ठीक आहे. गाव सोडून गेला हा गुन्हा असेल तर कवी विल्यम कलन ब्रायंट यांनी पण गाव सोडलं, ते जन्मले दुसरीकडं, इथं वकिली केली, गावचे क्लार्क होते आणि १८२५ ला न्यूयॉर्कला गेले ते गेले. विल्यम स्टॅन्लीने २० मार्च १८८६ ला इथल्या मेन स्ट्रीटवरची दुकानं एसी करंटने उजळून दाखवली, ट्रान्सफॉर्मर वापरून व्होल्टेज वाढवायचं कमी करायचं हे तंत्र, आज आपल्या घरात वीज येते ती याच पद्धतीने, तो ब्रुकलिनमध्ये जन्मलेला, तब्येतीसाठी इथं आलेला. तो पण गावाचा. आणि सरकारच्या विरोधात जाणं हा गुन्हा असेल तर गायक आर्लो गथ्री, ज्याने व्हिएतनाम युद्धाच्या भरतीची टिंगल करणारं वीसेक मिनिटांचं गाणं म्हटलं, त्या गाण्याची गोष्ट सुरू होते ते जुनं चर्च याच गावात आहे, १९९१ पासून ते गथ्रीच्याच संस्थेकडं आहे आणि लोक मुद्दाम बघायला येतात.

म्हणजे इथं जन्मलेला चालतो, बाहेरून आलेला चालतो, सोडून गेलेला चालतो, शत्रूला टीप देणारी चालते, युद्धाला हसणारा चालतो. सगळे निकष लवचिक आहेत. एकट्या ड्यु बॉइस यांच्या वेळेला निकष पोलादी होतात. तुम्ही म्हणाल वंशाचा मुद्दा मी मुद्दाम घुसवतोय, पण बाकीची कारणं एकेक करून तपासली की उरतं काय ते तुम्हीच बघा. विरोध करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात वर्णद्वेष होता असं मी म्हणणार नाही, कम्युनिझमचा खरा राग असलेले लोक असणार. पण माप वेगळं लावलं गेलं हे दिसतंय, आणि वेगळं माप लावणाऱ्याला बहुतेक वेळा आपण वेगळं माप लावतोय हे कळतच नाही. ती गोष्ट फक्त अमेरिकेतली आहे असं नाही.

अजून एक मुद्दा ऐकायला मिळतो की त्यांनीच गावाशी नातं तोडलं मग गावाने का गळ्यात घ्यायचं. हे तर साफ खोटं आहे. आईकडचे बर्गहार्ट हे घराणं त्या भागात अमेरिका हा देश व्हायच्या आधीपासूनचं. बाप लहानपणीच निघून गेला, आई लोकांच्या घरी काम करायची. पोरगा पंधरा-सोळा वर्षांचा असताना न्यूयॉर्कच्या 'ग्लोब' नावाच्या काळ्यांच्या पेपरला गावच्या बातम्या पाठवायचा, आणि त्यात आपल्या लोकांना सांगायचा की गावसभेला जात जा, मत देत जा. शाळेत भेटकार्डं वाटायचा खेळ चालला होता, एका नव्या आलेल्या पोरीने त्याचं कार्ड घ्यायला नकार दिला आणि तिथं त्याला पहिल्यांदा कळलं की आपण आणि ही पोरं यांच्यामध्ये पडदा आहे, हे त्यांनी पुढं लिहिलं, ते जगभर वाचलं जातं. पण त्याच गावातले हेडमास्तर फ्रँक हॉस्मर यांनी कॉलेजसाठीचे विषय घ्यायला लावले आणि तिथल्या चर्चच्या गोऱ्या मंडळींनी पैसे जमवून त्याला टेनेसीच्या फिस्क विद्यापीठात पाठवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या. हार्वर्डचं स्वप्न बघणाऱ्या पोराला दक्षिणेत काळ्यांच्या कॉलेजात का पाठवलं यावर वेगळं बोलता येईल, पण पैसे दिले हे खरं.

पुढं १८९९ मध्ये अटलांटात त्यांचं दीड वर्षाचं पोर घटसर्पाने गेलं. जॉर्जियाच्या मातीत त्याला ठेवायचं नव्हतं, म्हणून तिथून ते ग्रेट बॅरिंग्टनला आणून महाइव कब्रस्तानात पुरलं. १९५० ला बायको नीना गेली, ती पण तिथंच. १९६१ ला मुलगी योलांड गेली, ती पण तिथंच. १९२८ ला त्यांच्या साठीनिमित्त मित्रांनी वर्गणी काढून आजोबांचं ते जुनं घर परत विकत घेऊन दिलं, त्यांना ते दुरुस्त करून राहायचं होतं, पैसे जमले नाहीत, शेवटी १९५४ ला विकावं लागलं. १९३० ला शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपुढं भाषणाला बोलावलं तर हा माणूस वर्णभेदावर बोलला नाही, बोलला हाउसाटॉनिक नदीवर, की गावाने नदीकडं पाठ केलीय, गिरण्यांची घाण तिच्यात सोडलीय, ती साफ करा. आपल्या जन्माबद्दल लिहिताना 'सोनेरी नदीकाठी जन्मलो' असं त्यांनी लिहिलं होतं, आणि ते सोनेरी म्हणजे कागदाच्या आणि लोकरीच्या गिरण्यांचा रंग होता हे पण त्यांनीच सांगितलं. गाव सोडलेला माणूस बासष्टाव्या वर्षी येऊन नदी साफ करा म्हणतो का?

आणि देश सोडला म्हणता, तर देशाने काय केलं ते पण सांगा. १९५१ मध्ये ब्याऐंशी वर्षांच्या या माणसाला परदेशी एजंट म्हणून नोंदणी केली नाही असा खटला भरून कोर्टात उभं केलं, हातात बेड्या घातल्या, कारण काय तर अणुबॉम्बविरोधी सह्यांच्या मोहिमेत होते. जजने पुरावाच नाही म्हणून केस निकालात काढली, सुटले. पण पासपोर्ट १९५८ पर्यंत दिला नाही. १९५७ ला घाना स्वतंत्र झाला, आयुष्यभर आफ्रिकेच्या स्वातंत्र्यासाठी भांडलेल्या माणसाला तो सोहळा बघायला जाता आलं नाही. १९६१ ला घानाचे अध्यक्ष एन्क्रुमा यांनी आफ्रिकेचा ज्ञानकोश करायला बोलावलं, गेले, मग पासपोर्टचं नूतनीकरण अमेरिकेने केलं नाही, तेव्हा घानाचं नागरिकत्व घेतलं. २७ ऑगस्ट १९६३ ला आक्रात वारले, दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनला नागरी हक्कांसाठीचा तो प्रसिद्ध मोर्चा होता आणि मंचावरून एनएएसीपीचे रॉय विल्किन्स यांनी ही बातमी लाखो लोकांना दिली. दार आधी कुणी लावलं हे बघायला नको?

आपल्याकडच्या वाचकाला या सगळ्याशी काय घेणं असं वाटत असेल तर एक पत्र सांगतो. १९४६ च्या जुलैच्या सुमारास दादरच्या हिंदू कॉलनीतल्या राजगृहातून बाबासाहेबांनी ड्यु बॉइस यांना पत्र लिहिलं. बाबासाहेब कोलंबियात शिकलेले, न्यूयॉर्कचं हार्लेम तिथून हाकेच्या अंतरावर. पत्रात म्हणतात की मी निग्रो प्रश्नाचा अभ्यासक आहे, तुमची स्थिती आणि भारतातल्या अस्पृश्यांची स्थिती यात इतकं साम्य आहे की त्याचा अभ्यास करणं स्वाभाविकच नाही तर गरजेचं आहे, तुम्ही लोकांनी युनोकडं अर्ज केलाय असं वाचलं, त्याच्या दोन-तीन प्रती मिळतील का. ३१ जुलैला ड्यु बॉइस यांनी उत्तर लिहिलं, की तुमचं नाव आणि काम मी ऐकून आहे, अस्पृश्यांबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे, एक अर्ज एका संघटनेने केलाय, एनएएसीपीचा जास्त सविस्तर अर्ज तयार होतोय, तो झाला की पाठवतो. तो सविस्तर अर्ज १९४७ ला युनोकडं गेला. आज ही पत्रं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अॅमहर्स्टच्या संग्रहात आहेत. दादरचा माणूस ज्याच्याशी आपला प्रश्न जोडून बघत होता तो माणूस त्याच्या स्वतःच्या गावात बावीस-तेवीस वर्षांनी पण नकोसा होता.

योगायोग बघा, त्याच विद्यापीठाच्या टोलेजंग लायब्ररीला ड्यु बॉइस यांचं नाव दिलं गेलं १९९४ साली, आणि मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार पण १९९४ चा, १४ जानेवारीचा. इकडं ठराव झाला होता १९७८ ला, मधल्या सोळा वर्षांत काय झालं, किती घरं जळली, पोचिराम कांबळेंना कसं मारलं हे मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. ग्रेट बॅरिंग्टनला घरं जळली नाहीत, तिथं पत्रं लिहिली गेली आणि मिटिंगा झाल्या, त्यामुळं दोन्ही एकाच पारड्यात टाकणं बरोबर नाही. पण 'नाव दिल्याने काय होतं, शिक्षण महत्त्वाचं' हे वाक्य मात्र दोन्हीकडं ऐकू येतं, आणि गंमत म्हणजे ते नेहमी नाव द्यायला विरोध करणाराच बोलतो. नावाने काहीच होत नसेल तर देऊन टाक की बाबा, अडवतोस कशाला.

शेवटी गाव बदललं. २०१८ ला दीडशेवी जयंती जोरात झाली. २०२० ला, पोलिसाने केलेल्या जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या खुनानंतर सगळा देश ढवळून निघाला होता तेव्हा, मिडल स्कूलला ड्यु बॉइस यांचं नाव द्यायचं ठरलं, तीच डोंगराच्या नावाची शाळा. २०२५ च्या जुलैमध्ये मेन स्ट्रीटवर मेसन लायब्ररीसमोर बाकावर बसलेल्या ड्यु बॉइस यांचा ब्राँझचा पुतळा बसला. चांगलं झालं, उशीर झाला तरी.

पण आता मला दुसरीच काळजी वाटते. विरोध संपतो तेव्हा माणसाला गुळगुळीत करायला सुरुवात होते. ग्रेट बॅरिंग्टन हे आता गिरण्यांचं गाव राहिलेलं नाही, न्यूयॉर्क-बॉस्टनच्या पैसेवाल्यांची इथं दुसरी घरं आहेत, गॅलरी आहेत, भारी रेस्टॉरंट आहेत, २०१२ ला स्मिथसोनियन मासिकाने अमेरिकेतल्या छोट्या गावांच्या यादीत पहिला नंबर दिला होता. अशा गावाला एक सुटाबुटातला, दाढीवाला, हार्वर्डवाला काळा विद्वान बाकावर बसलेला छान दिसतो, टुरिस्ट शेजारी बसून फोटो काढतात. (गावाच्या नावावर कोण काय चिकटवेल याचा नेम नाही म्हणा, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या एका अर्थशास्त्र संस्थेत तीन शास्त्रज्ञ जमले, लॉकडाऊनच्या विरोधात जाहीरनामा काढला, आणि जगभर गावाचं नाव त्या कागदामुळं झालं, गावाचा त्यात काडीचा संबंध नव्हता.) जो माणूस भांडवलशाही आतून सुधारू शकत नाही, ती स्वतःच स्वतःला खाणार असं लिहून १ ऑक्टोबर १९६१ ला पक्षाच्या सदस्यत्वाचा अर्ज करतो, तो माणूस या बाकावरून गायब व्हायला वेळ लागत नाही. १९६९ ला विरोधकांनी फक्त कम्युनिस्ट बघितला, आता समर्थक फक्त हार्वर्डवाला बघतील. अर्धाच माणूस दोन्ही वेळेला.

समर्थकांपैकी काही जण म्हणतात की एवढ्या कष्टाने नाव मिळालंय, आता उगाच कम्युनिझमचा विषय काढून विरोधकांच्या हातात कोलीत कशाला द्यायचं. मला हे पटत नाही. लपवलेली गोष्ट कुणीतरी कधीतरी शोधून काढणारच, आणि तेव्हा ते म्हणणार की बघा, आम्हाला फसवून नाव दिलं. त्यापेक्षा त्या शाळेत, मोठ्या वर्गातल्या पोरांना तरी, सगळं वाचायला द्या. भेटकार्डाची गोष्ट द्या, नदीवरचं भाषण द्या, मुंबईहून आलेलं पत्र आणि त्याचं उत्तर द्या, आणि त्याच्याच शेजारी १९५३ चा स्टालिनवरचा लेख आणि १९६१ चा तो अर्ज पण द्या. त्यातला एखादा पोरगा हात वर करून म्हणेल की सर, मला हा माणूस इथं चुकलेला वाटतो. म्हणू दे की, त्याला मार्क कमी करू नका, आणि तो असं म्हणाला म्हणून शाळेचं नाव पण बदलू नका.